जाळी की फळी

दाराची चौकट परत आली ती भर बाजाराच्या वेळी. ज्या दुकानदारासाठी ती केली होती, त्यानं ती हातगाडीवरून उतरवली, सुताराच्या कारखान्यासमोर रस्त्यातच आडवी टाकली आणि हात झटकत म्हणाला, "घ्या तुमचा ऐवज. बोट लावून बघा."

सुतारानं बोट लावलं. बोट सरळ आत गेलं. वरून तेल प्यायलेलं गुळगुळीत लाकूड आणि आत नुसती माती! समोर भाजी घेणाऱ्या बायकांनीसुद्धा ते बघितलं आणि हातातली भाजी हातातच राहिली त्यांच्या. सुतार रंधा धरून पुतळ्यासारखा उभा राहिला. दारात त्याची बायको उभी होती. जोडकाम नवऱ्याचं, पण लाकडावर शेवटचा हात फिरायचा तो तिचा. तेल, पॉलिश, वाळवीचं औषध, सगळं लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्याकडे होतं. आणि या चौकटीला तिनं घाईघाईत औषधाचा एकच हात दिला होता.

"यंदा हवाच अशी आहे," सुतार कसाबसा म्हणाला. "सगळीकडे वाळवी उठलीय."

"म्हणून तर आता लोखंडी सांगितली. तुमच्याच धाकट्या भावाकडे. वाळवीचा बाप आला तरी लोखंडाला तोंड लावत नाही."

दुकानदार गेला. चौकट दिवसभर तिथंच पडून होती, कारण ती उचलून आत आणायची म्हणजे ती आपलीच हे गल्लीला पुन्हा एकदा सांगणं.

सुताराच्या बायकोला घरात थोरली म्हणत, कारण ती थोरली सून. त्या दिवसापासून थोरलीनं वाळवीशी उभा दावा मांडला. नवी लाकडं गाडीतून उतरली की रंध्याखाली जायच्या आधीच ती त्यांना औषध पाजायची. माल तयार झाला की वरून आणखी एक हात, आणि त्यावर तेल. स्टूल झालं, शिडी झाली, कपाटाचे पाय झाले. झाडूच्या दांड्यालासुद्धा तिनं सोडलं नाही. नवरा म्हणायचा, "आता मलाही एक हात मार. मी तेवढा राहिलोय." ती हसायची नाही. तिच्या डोळ्यांसमोर ते आत गेलेलं बोट होतं.

तरी गिऱ्हाईक यायचं ते कमीच. ज्याला त्याला लोखंड हवं. आणि लोखंड म्हणजे धाकटा, तिचा दीर. त्यानं तरुणपणीच करवत खाली ठेवून वेल्डिंगचं यंत्र हातात घेतलं होतं. गल्लीच्या त्या टोकाला त्याचं दुकान, दुकानामागे स्वच्छ नवं घर. दोघा भावांचं बोलणं बंद नव्हतं, पण जे बोलणं होतं त्यापेक्षा ते बंद असतं तर बरं, असं थोरलीला वाटायचं.

या दोघांच्या मध्ये होते आबा, तिचे सासरे. एके काळी त्यांच्या हातचा दरवाजा ज्याच्या घराला असेल तो माणूस पाहुण्याला आधी दरवाजा दाखवायचा आणि मग घर. आता हात इतके कापायचे की पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला तरी निम्मं पाणी सदऱ्यावर. कारखान्याच्या मागच्या खोलीत ते झोपायचे, तिथं दिवसभर भुसा उडायचा आणि आबा दिवसभर खोकायचे. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "यांच्या छातीत निम्मा भुसाच आहे. इथून हलवा यांना."

हलवायचं म्हणजे कुठं, ते सांगायला डॉक्टरांची गरज नव्हती. धाकटा येऊन म्हणायचा, "आबा, चला ना. खिडकीजवळची खोली रिकामी ठेवलीय तुमच्यासाठी."

आबा म्हणायचे, "बघू."

ते 'बघू' ऐकलं की थोरलीला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच लाज वाटायची. माहेरी तिला कुणी कशालाच हात लावू दिला नव्हता. इथं आल्यावर या माणसानं तिच्या हातात ब्रश दिला, लाकडाची नस कशी ओळखायची ते दाखवलं, चारचौघांत 'हिच्यासारखा हात माझ्या दोन्ही पोरांचा नाही' असं म्हटलं. बाप म्हणावा असा माणूस तिला भेटला तो सासरीच. तो उठून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाणार, हा विचारसुद्धा तिला सोसायचा नाही. रात्रंदिवस तो खोकला ऐकूनही ती म्हणायची, "हवेमुळे होतंय."

मग ससे आले. शेजारच्या मास्तरीणबाईंची बदली झाली आणि जाताना त्यांनी एक टोपली आबांच्या मांडीवर ठेवली. आत एक पांढरा, एक करडा. थोरलीला वाटलं, म्हातारा माणूस काय करणार यांचं? आणि बघते तर काय, महिनोन् महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस उठून बसलेला! कापऱ्या हातानं गवताची काडी पुढे करतोय, आणि हात कापतोय म्हणून ससा ती काडी पकडायला डावीउजवीकडे मान हलवतोय. आबा खदखदून हसत होते. थोरली दारातच थबकली. हे हसणं ती विसरूनच गेली होती.

पण सशांना मोकळं सोडायची सोय नव्हती. गल्लीत मांजरं, कारखान्यात खिळे. राहायला जागा हवी. धाकट्याच्या कानावर हे गेलं आणि तो लगोलग एक पिंजरा खांद्यावर घेऊन आला. चारी बाजूंनी जाळी, खालीही जाळी, कुठं एक टोक बाहेर नाही.

"लेंड्या खाली पडतात, वहिनी. घाण नाही, वास नाही. वाळवीचं तर नावच नको."

शेवटचं वाक्य त्यानं सहज म्हटलं असेल, पण आत रंधा मारणाऱ्या थोरल्या भावाचा हात थांबला.

"ससा आहे तो, चोर नाही," तो आतूनच म्हणाला. "गजाआड कशाला? मी करतो लाकडाचं घर."

"तू करशील तेव्हा कर, दादा. तोवर?"

आबांनी एकदा या पोराकडे बघितलं, एकदा त्या. मग पांढऱ्या सशाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "यांनाच ठरवू द्या. जिथं हे सुखानं राहतील तिथं मी यांच्याबरोबर राहीन. लाकडात राहिले तर इथं, जाळीत राहिले तर तिकडे."

दोघं भाऊ हसले. थोरली मात्र हसली नाही. तिनं त्यांचा चेहरा बघितला होता. दोन पोरांपैकी एकाला नाही म्हणायचं जिवावर आलेला बाप ते ओझं दोन सशांच्या पाठीवर टाकून मोकळा झाला होता. आणि तो शब्दाचा पक्का होता.

त्या दिवसापासून थोरलीचा जीव त्या पिंजऱ्यात अडकला. ससे जाळीत मजेत दिसत होते. खात होते, कान हलवत होते. धाकटा रोज संध्याकाळी येऊन बघायचा आणि खूश होऊन जायचा. आबांनी खाटेखालची आपली कपड्यांची पेटी काढून पुसून ठेवली. थोरलीनं ते बघितलं.

एका सकाळी पिंजरा धुवायचा म्हणून तिनं पांढऱ्याला बाहेर काढलं. हाताला काहीतरी चिकट लागलं. तिनं त्याला उताणं केलं आणि तिच्या तोंडून किंकाळीच फुटली. मागच्या दोन्ही पंजांची लव गेली होती. कातडी सोलून निघाली होती, आणि त्या लाल मांसावर जाळीच्या चौकोनांचे वळ उमटले होते. इतके दिवस ते जनावर त्या तारांवर बसलं होतं, आणि चकार आवाज नाही! ससा ओरडत नाही. समोर गवत टाकलं की खातो, आणि बघणाऱ्याला वाटतं सुखात आहे.

सगळे गोळा झाले. आबांनी तो पंजा बघितला आणि तोंड फिरवलं. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाजारात सगळे असेच करतात, वहिनी," तो पुटपुटला. "मला काय ठाऊक..."

"झोप ना तू तारेवर एक रात्र!" सुतार कडाडला. "मग कळेल. सकाळी अंगावर खिडकीची नक्षी उठलेली असेल!"

रिकामा पिंजरा खांद्यावर टाकून धाकटा भर गल्लीतून गेला. लोक विचारत होते, तो मान खाली घालून चालत होता. थोरलीला त्याची कीव आली. आणि कीव येत असतानाच मनाचा एक कोपरा नाचत होता: आबा आता कुठं जात नाहीत.

त्या दुपारीच सुतारानं माळ्यावर उरलेलं शेवटचं कोरं, बिनऔषधाचं लाकूड काढून कामाला हात घातला. कित्येक दिवसांत नवऱ्याला असं काम करताना तिनं बघितलं नव्हतं. खिळा एक नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. तळाला एकसंध फळ्या, त्याही घासून रेशमासारख्या केलेल्या. उतरतं छप्पर, पुढे बारीक दांड्यांचं दार, आत अंधारी निजायची खोली. आबा खुर्चीत बसून सूचना करत होते, नवरा 'हो आबा, हो आबा' करत होता. बापलेकांना तसं बघून तिचे डोळे भरून आले.

"तेलाचा एक हात दे आणि होऊ दे," नवरा म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला निघून गेला.

तिनं तेलाचा हात दिला, पण त्याआधी औषधाचे दोन. आतून, बाहेरून, सांध्यासांध्यातून. हे घर ओल्या जमिनीवर राहणार, वाळवी आधी यालाच धरणार. याला बोट लावलं आणि ते आत गेलं, असं होता कामा नये. या लाकडावर आबांचं इथं राहणं अवलंबून होतं. दाराच्या एकेका बारीक दांडीला तिनं ब्रश गोल फिरवून औषध पाजलं. उन्हात सुकवलं, वर तेल चढवलं. तेलाच्या वासात दुसरा वास बुडून गेला. इतकं मन लावून तिनं लेकीच्या लग्नातलं कपाटही रंगवलं नव्हतं.

ससे आत गेले. पांढऱ्याच्या पायांना आबांनी मलम लावलं होतं, तो मागच्या गवतात जाऊन अंग चोरून बसला. करडा मात्र दाराशी आला, दांड्या हुंगल्या आणि कुरतडायला लागला. कुर्रर्र, कुर्रर्र असा आवाज.

"बघा, आवडलं त्याला!" सुतार टाळी वाजवून म्हणाला. "तार काय कुरतडणार होता?"

थोरलीही हसली. तो आवाज ऐकत तिनं त्या दिवशी भांडी घासली, कपडे धुतले. आबांनी पेटी पुन्हा खाटेखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गवत घेऊन गेली. करडा आडवा पडला होता. तोंडातून लाळेचा धागा लोंबत होता, आणि चारी पाय हवेत धावल्यासारखे झाडत होते. क्षणभर तिला वाटलं खेळतोय. मग त्याचा डोळा दिसला, आणि तिच्या हातातलं गवत गळून पडलं. तिनं त्याला उचललं तेव्हा तो तिच्या हातात ताठ झाला, एकदाच उसळला, आणि मग त्याला काही वजनच उरलं नाही.

"अहो!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

नवरा धावत आला, मागून आबा भिंत धरधरून आले. गल्लीत बोभाटा झाला आणि धाकटाही हातमोजे घातलेला तसाच येऊन उभा राहिला. जनावरांच्या डॉक्टरला बोलवावं असं कुणाला तरी सुचेपर्यंत सगळं संपलं होतं.

सुतारानं भावाला बघितलं आणि त्याचा तोल गेला.

"तुझा गंज गेलाय याच्या पोटात! इतके दिवस तुझी तार चाटत होता. पाय सोललेस ते सोललेस, आता जीवही घेतलास?"

"दादा, त्या जाळीला गंज नव्हता रे. नवी होती ती."

"मग काय माझ्या लाकडानं मारला? नुसतं तेल आहे त्याला! तेलानं कुणी मरतं?"

थोरली ऐकत होती. तिची नजर दारावर गेली. बारीक दांड्यांवर दातांच्या खुणा, तेलाचा रंग कुरतडून आतलं पिवळं लाकूड उघडं पडलेलं. दोन दांड्या तर निम्म्याच उरलेल्या. बाकीचं कुठं गेलं? त्या दांडीभोवती गोल फिरणारा ब्रश तिला दिसला, आणि तो ब्रश धरलेला आपला हात.

आबा खाली बसले होते. त्यांनी कुरतडलेल्या दांडीवर नख घासलं, बोट नाकाशी नेलं. आयुष्य लाकडात गेलेला माणूस. त्यांना दुसऱ्यांदा हुंगावं लागलं नाही. त्यांनी मान वर करून थोरलीकडे बघितलं, आणि तिला कळलं की त्यांना कळलंय.

"चालता हो माझ्या दारातून!" नवरा भावाच्या छातीवर बोट रोवून ओरडत होता. "पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवलास तर बघ!"

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. थोरलीनं तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. बोलावं तर आबा जातील. न बोलावं तर हा निरपराध माणूस कायमचा जाईल. ती गप्प राहिली. थोडाच वेळ, पण राहिली.

"त्याला काही बोलू नकोस," आबा म्हणाले. "मी मारला. वाळवीचं औषध लावलंय या दाराला. मी लावलं."

सुताराचं बोट भावाच्या छातीवर होतं तिथंच राहिलं. मग हळूहळू दोघा पोरांची नजर आबांच्या हातांकडे गेली. गुडघ्यावर ठेवलेले ते दोन्ही हात लटलट कापत होते. त्या हातांत ब्रश कुठला, काडीसुद्धा ठरत नव्हती. आणि दारावरचं काम असं साफ होतं, की एक ओघळ नाही, एक डाग नाही. असा हात त्या घरात एकाच माणसाचा होता. तिला वाचवायला ते खोटं बोलले आणि त्या खोट्यानंच तिचं नाव सगळ्यांना कळलं.

"मी लावलं," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आबा नाही. मी. दोन हात."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. तो ओरडेल असं तिला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आपण बनवलेल्या घराच्या उतरत्या छपरावर टेकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आबांनी विचारलं, "पोरी, तुझ्या लेकीचा पाळणा केला होता मी. त्याला आपण औषध लावलं होतं का गं?"

"नाही, आबा."

"का नाही लावलं?"

उत्तर तिला पाठ होतं, त्यांनीच शिकवलं होतं. जिथं तोंड लागतं तिथं औषध लावायचं नाही. पाळण्याच्या कठड्याला नाही, चमच्याला नाही. इतकी वर्षं तिनं ते पाळलं होतं. आणि दात घेऊनच जन्माला आलेल्या जनावराचं घर तिनं विषानं न्हाऊ घातलं, आणि तो कुरतडायला लागला तेव्हा हसली.

आबांनी मागच्या गवतातून पांढऱ्याला बाहेर काढलं. पाय दुखत होते म्हणून तो जागचा हलला नव्हता, दाराशी आला नव्हता, म्हणून जिवंत होता. त्याला सदऱ्याच्या आत छातीशी धरून आबा धाकट्याला म्हणाले, "चल. माझी पेटी घे."

"आबा," थोरली म्हणाली. मागं पेटी ओढण्याचा आवाज आला.

धाकटा पेटी घेऊन आला. जाताना तिच्याजवळ थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

"वहिनी, एखादी फळी द्या ना. पिंजऱ्यात टाकतो. नुसती जाळी त्याच्या पायांना लागते. कोरी असली पाहिजे."

"देते, भाऊजी," ती म्हणाली आणि आत धावली.

तिनं भिंतीला लावलेल्या फळ्या एकेक करून नाकाशी नेल्या. पहिलीला वास, दुसरीलाही. माळ्यावरच्या काढल्या, कोपऱ्यातले तुकडे उपसले, स्टूल उलटं केलं. गाडीतून उतरलेलं लाकूडसुद्धा तिच्या हातातून सुटलं नव्हतं. लाकडानं गच्च भरलेलं घर, आणि एक ससा बसू शकेल एवढी फळी त्यात नव्हती. ती घामानं थबथबली. बाहेर आबा खोकत होते, वाट बघत होते.

शेवटी ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर भाजी चिरायची फळी होती, सुरीच्या चिरांनी पांढरी पडलेली. तेवढी एकच कोरी होती. तिनं ती धुतली, पदरानं पुसली, आणि बाहेर येऊन आबांच्या पुढं धरली.

आबांनी एका हातानं ससा सावरला, दुसऱ्या हातानं फळी घेतली. तिनं हात फिरवलेलं लाकूड इतक्या वर्षांत त्यांनी कधी परत तपासलं नव्हतं, गिऱ्हाइकासमोरसुद्धा नाही. आता मात्र ते थांबले. कापरा हात हळूहळू वर गेला. त्यांनी फळी नाकाशी नेली, एका बाजूनं हुंगली, मग उलटी करून दुसऱ्या बाजूनं हुंगली, आणि मगच ती धाकट्याच्या हातात दिली.